छातीवरचे नाव आणि नोंदवहीतले नाव

अमेरिकेत फरी संमेलनांचा हंगाम जवळ आला की बॅजचा वाद दरवर्षी नव्याने पेटतो, आणि दोन्ही बाजू तो मूळ प्रश्नाला बगल देऊनच घालतात. माणसांसारखे बोलणाऱ्या-वागणाऱ्या प्राणीपात्रांवर मनापासून प्रेम करणारे लोक स्वतःला 'फरी' म्हणवतात. ते चित्रे काढतात, कथा लिहितात, स्वतःसाठी एखादे प्राणीपात्र घडवतात, ज्याला ते 'फरसोना' म्हणतात, आणि त्यांतले काही जण त्या पात्राचा नखशिखान्त पोशाख, म्हणजे फरसूट, घालून संमेलनात वावरतात. एक पक्ष म्हणतो की इतकी मुखवटाधारी माणसे एका छताखाली, त्यात लहान मुले, तेव्हा प्रत्येकाच्या गळ्यात खरे नाव आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र हवेच. दुसरा म्हणतो की पैसे भरून आलेल्या माणसाला पावलोपावली बॅज दाखवायला लावणे हा अपमान आहे, पोशाखावर तो लटकवणे धोक्याचे आहे, तेव्हा सक्ती नकोच. माझी भाची गेली सहा वर्षे या संमेलनांना जाते आणि ती पोशाखात असते तेव्हा तिची मदतनीस म्हणून मी तिच्या कोपराजवळ असते. तिथून मला जे दिसते ते या दोन्ही पक्षांच्या म्हणण्याशी जुळत नाही.

माझे मत आधीच सांगते. संमेलनाच्या आवारात प्रत्येकाने, फरसूटमधल्या माणसानेही, बॅज सहज दिसेल असा लावलाच पाहिजे. त्यावर त्या व्यक्तीने स्वतः निवडलेले नाव आणि ठळक क्रमांक असावा, कायदेशीर नाव नसावे. आणि आवाराच्या बाहेर पाऊल टाकताना तो उतरवून पिशवीत ठेवला पाहिजे. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच विचार आहे: आपण कोणाला तरी जबाबदार असणे ही एक गोष्ट आहे आणि आपण कोण आहोत हे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला कळणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. बॅजने पहिले काम करावे. दुसरे काम त्याच्यावर लादले की तो ज्यांच्या रक्षणासाठी आहे त्यांनाच उघडे पाडतो.

हा भेद आपल्याला नवा नाही. रेल्वे स्थानकावरचा लाल सदऱ्यातला हमाल आठवा. त्याच्या दंडाला पितळी बिल्ला असतो आणि त्यावर क्रमांक. सामान उचलायला देताना घरातली वडीलधारी माणसे बजावत, 'बिल्ला नंबर बघून ठेव.' त्याचे नाव काय, गाव कोणते, आडनाव कोणते, हे कोणी विचारत नसे, कारण त्याची गरजच नव्हती. सामान हरवले तर तो क्रमांक घेऊन स्टेशनमास्तरकडे जायचे, आणि त्या क्रमांकामागचा माणूस कोण हे रेल्वेच्या वहीत लिहिलेले असायचे. पोलिसाच्या बाबतीतही तक्रार करणारा बक्कल नंबर मागतो. आपल्या समाजाने ही गोष्ट फार पूर्वी उमजून घेतली आहे की माणूस सापडण्यासाठी त्याचे नाव छातीवर असावे लागत नाही, ते योग्य ठिकाणच्या नोंदवहीत असावे लागते. आणि नाव छातीवर आल्याने काय होते हेही आपल्याइतके कोणाला माहीत असणार? ज्या समाजात आडनाव ऐकताच समोरच्याच्या डोळ्यांत जातीचा हिशेब सुरू होतो, त्या समाजातल्या माणसाला 'नाव लिहायला काय हरकत आहे' हे वाक्य निरागस वाटू नये.

फरी संमेलनांत आज साधारणपणे हीच व्यवस्था आहे, फक्त ती कोणी नीट समजावून सांगत नाही. नोंदणीच्या टेबलावर सरकारी छायाचित्र-ओळखपत्र पाहिले जाते, वय पडताळले जाते, आणि मग हातात पडणाऱ्या बॅजवर माणसाने निवडलेले नाव छापलेले असते. याखेरीज चित्रकारांकडून हौसेने काढून घेतलेले बॅजही असतात: आपल्या फरसोनाचे रंगीत चित्र, खाली नाव, वर प्लास्टिकचे आवरण. अनेकांच्या गळ्यात असे चार-पाच बॅज एकमेकांवर आपटत असतात. हे दुसरे बॅज निव्वळ प्रेमाचे आहेत, त्यांना नियम लावायची गरज नाही. पण फरसूटमधले पुष्कळ लोक पात्रात असताना बोलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वतीने बोलणारा तोच एक चित्राचा तुकडा असतो, आणि बॅजविषयी इतक्या पोटतिडकीने का भांडले जाते ते यावरून लक्षात यावे.

आता पहिल्या पक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण वजनासह घेऊ. १९८९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसा येथे कॉनफ्युरन्स या नावाने पहिले फरी संमेलन भरले तेव्हा तिथे अवघी ६५ माणसे होती. पासष्ट माणसांत बॅज म्हणजे शोभेची वस्तू, कारण दुसऱ्या दिवशी सगळे सगळ्यांना ओळखत असणार. १९९७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी येथे सुरू झालेले आणि २००६ पासून पिट्सबर्गमध्ये भरणारे अँथ्रोकॉन २०२४ मध्ये १७ हजारांच्या वर गेले. एवढ्या गर्दीत कोणी कोणाला ओळखत नाही, पुष्कळांचे चेहरे झाकलेले असतात आणि मुले कुतूहलाने कोणाच्याही गळ्यात पडतात. अशा ठिकाणी एखाद्या आईला धास्ती वाटली तर तिला मागासलेली म्हणून झटकून टाकणे हा उद्धटपणा आहे. ज्या मुलीला गर्दीत कोणी नको तसा हात लावला तिला 'तो निळा लांडगा होता' एवढेच सांगता येत असेल, तर एकट्या त्या मजल्यावर निळे लांडगे डझनभर निघतील. अनामिकतेच्या आडून गैरवर्तन होते, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणाला मिळत नाही.

पण या मुलीला नेमके काय हवे आहे? तिला त्या माणसाचे कायदेशीर नाव हवे आहे, की तो सापडायला हवा आहे? तीन पावलांवरून वाचता येईल असा पाच आकडी क्रमांक तिच्या लक्षात राहू शकतो. लांबलचक परक्या भाषेतले नाव आणि त्याखालचे टिचभर छायाचित्र राहणार नाही, शिवाय छायाचित्रातला चेहरा फरच्या डोक्याखाली झाकलेलाच असतो. क्रमांक सुरक्षा-कक्षात पोहोचला की दोन मिनिटांत नाव निघते, आणि ते ज्यांनी कारवाई करायची त्यांच्याच हातात पडते. उलट खरे नाव छातीवर असेल तर ते त्या मुलीच्याही छातीवर असेल. ज्याने तिला त्रास दिला, त्याला तिचे नाव घरी घेऊन जाता येईल. सक्तीच्या खऱ्या नावाचा कैवार घेणाऱ्यांच्या मनात नेहमी गुन्हेगाराचा बॅज असतो. पीडितेचा बॅज त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

हा प्रयोग जगात एकदा देशपातळीवर करून झाला आहे. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाची खरी ओळख पडताळणे सक्तीचे केले, कारण अनामिक लोक बेफाम लिहितात अशी तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. पुढे काय झाले? २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या संकेतस्थळावर आणि त्याच्याशी जोडलेल्या समाजमाध्यमावर घाला पडला आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ मध्ये त्या देशाच्या घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द ठरवला. ज्या हेतूने तो केला तो साधल्याचे दिसत नाही, आणि अभिव्यक्तीवर मात्र बंधन येते, असा त्या निर्णयाचा आशय होता. मी हे उदाहरण माझ्या स्वतःच्या बाजूविरुद्धही वापरते: संमेलनाच्या नोंदवहीतली खरी नावेसुद्धा चोरीला जाऊ शकतात, म्हणून आयोजकांनी आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी आणि काम संपल्यावर ती नष्ट करावी. पण वहीला कुलूप लावता येते. सतरा हजार छातींना लावता येत नाही.

मुखवट्याच्या भीतीतून केलेल्या नियमांचे पुढे काय होते, याचे याहून जुने उदाहरण न्यूयॉर्कचेच आहे. १८४० च्या दशकात हडसन नदीच्या खोऱ्यातल्या कुळांनी जमीनदारांच्या खंडवसुलीविरुद्ध बंड केले. ते चिटाचे झगे आणि मेंढीच्या कातड्याचे मुखवटे घालून येत आणि जप्तीला आलेल्या अधिकाऱ्यांना पळवून लावत. राज्याने १८४५ मध्ये वेष बदलून सार्वजनिक ठिकाणी जमण्याविरुद्ध कायदा केला. भीती निराधार नव्हती, त्याच वर्षी एका उपशेरीफचा बळीही गेला. परंतु कुळांचे बंड शमल्यावरही कायदा तसाच राहिला आणि पुढच्या पिढ्यांत तो अशा लोकांवर उगारला गेला ज्यांचा खंडाशी काही संबंध नव्हता: पुरुष असून बाईचे कपडे घातले म्हणून पकडलेल्या लोकांवर, आणि २०११ मध्ये वॉल स्ट्रीटजवळ मुखवटे लावून बसलेल्या निदर्शकांवर. तो रद्द व्हायला २०२० साल उजाडावे लागले, जेव्हा साथीमुळे राज्यच लोकांना तोंड झाका म्हणून सांगत होते. मेंढीच्या कातड्याच्या मुखवट्यांना भिऊन हा कायदा ज्या ऑल्बनीत संमत झाला, त्याच गावात दीडशे वर्षांनी फरची डोकी घातलेल्या लोकांचे ते संमेलन सुरू झाले हे मला वाचताना थबकवून गेले. चेहरा झाकणाऱ्याला सरसकट संशयित ठरवणारा नियम आज ज्याच्यासाठी केला त्याच्यावर थांबत नाही. गावकुसाबाहेरच्या, सहज हाती लागणाऱ्या माणसाकडे तो वळतो.

फरी लोकांच्या बाबतीत तर धोका बाहेरूनही येतो. ७ डिसेंबर २०१४ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, शिकागोजवळच्या रोझमाँट येथे मिडवेस्ट फरफेस्ट सुरू असताना हॉटेलच्या जिन्यात क्लोरीनची पूड टाकलेली सापडली. हजारो माणसांना झोपेतून उठून बाहेर पडावे लागले आणि १९ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. एका राष्ट्रीय वाहिनीवर ही बातमी वाचली जात असताना निवेदिकेला हसू आवरेना. ज्या समूहावर विषारी वायू सोडला गेला त्याची बातमीही हसण्यावारी जाते, त्या समूहातल्या शिक्षिकेने, सरकारी नोकराने, घरी काहीच न सांगता आलेल्या विशीतल्या मुलाने आपले पूर्ण नाव छातीवर मिरवावे, ही मागणी करणाऱ्याने त्या परिणामांचा वाटा उचलायची तयारी दाखवावी. आणि याच प्रसंगातून दुसऱ्या पक्षालाही उत्तर मिळते. मध्यरात्री हजारो माणसे कुडकुडत बाहेर उभी असताना, आत कोणाला परत सोडायचे आणि कोणाला नाही हे स्वयंसेवकाने कशावरून ठरवावे? चेहऱ्यांवरून नाही ठरवता येत, कारण कोणी कोणाला ओळखत नाही. बॅज ही त्या वेळी आपली सगळ्यांची भिंत असते. जो बॅज न लावता, न नोंदवता, नुसता हॉटेलच्या मोकळ्या दालनांत तीन दिवस फिरतो, तो फक्त प्रवेशशुल्क बुडवत नाही, त्या भिंतीला भगदाड पाडतो.

म्हणून 'मला सारखे थांबवू नका' हे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. थांबवण्याची रीत वाईट असते, हे मात्र पूर्ण मान्य आहे. एका संमेलनात, ज्याचे नाव मी घेणार नाही, भाचीचा बॅज फरच्या गळपट्टीखाली सरकला होता. स्वयंसेवकाने मागून तिच्या खांद्यावर थाप मारली. फरसूटच्या डोक्यातून दिसते ते डोळ्यांच्या जाळीतून, समोरचे आणि तेही बोगद्यातून पाहिल्यासारखे. मागून आलेला हात म्हणजे अंधारातून आलेला हात. ती दचकून वळली, शेपटी एका खुर्चीत अडकली, आणि तो म्हणाला, 'डोके काढा.' भर दालनात, समोर चार लहान मुले तिच्याकडे टक लावून पाहत असताना. तिने काढले. घामाने चिकटलेले केस, लाल झालेला चेहरा, आणि समोर तीन-चार जणांच्या हातात फोन. बॅज तपासायचा तर समोरून यावे, हात आपल्या स्वतःच्या छातीवर ठेवून खूण करावी, मदतनीस असेल तर तिला विचारावे. डोके काढायची खरोखर गरजच पडली तर जिथे पंखे आणि पाणी ठेवलेले असते त्या विश्रांतीच्या खोलीत न्यावे, जिथे छायाचित्रे काढायला मनाई असते. या गोष्टी शिकवायला अर्धा तास पुरतो. तपासणारा उद्धट होता म्हणून तपासणीच नको, हे मात्र त्यातून निघत नाही.

पोशाखावर बॅज धोक्याचा असतो, या आक्षेपाला मी सर्वांत जास्त मान देते, कारण तो खरा आहे आणि तो मी हाताने अनुभवला आहे. आम्ही एका रुंद जिन्यावरून उतरत होतो. जिना उतरणे हे फरसूटमध्ये सर्वांत अवघड काम, कारण पायांत पंज्यांचे फुगीर जोडे असतात आणि स्वतःचे पाऊल दिसत नाही. चार-पाच वर्षांचा एक मुलगा खालून वर येत होता. त्याला बॅजवरच्या कोल्ह्याचे चित्र आवडले असावे. त्याने दोन्ही हातांनी बॅज धरला आणि बघण्यासाठी खाली ओढला. भाचीची मान वाकली, फोमचे डोके बोटभर फिरले, जाळी डोळ्यांसमोरून सरकली आणि ती जिन्याच्या मधोमध आंधळी झाली. मी तिचे कोपर धरलेलेच होते. त्याच क्षणी टक असा आवाज झाला आणि मानेमागचा प्लास्टिकचा सांधा सुटून दोरी मुलाच्या हातात आली. तो सांधा नसता तर काय झाले असते, याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ करत होते. ज्या दोऱ्यांना असा झटक्याने सुटणारा सांधा नाही त्या गळ्यात घालूच नयेत, पोशाखात नाही आणि साध्या कपड्यांतही नाही. सरकत्या जिन्याच्या कडेला, दाराच्या मुठीत, दुसऱ्याच्या पाठपिशवीच्या बंदात दोरी अडकायला क्षण पुरतो. आणि फरसूटवर तर गळ्यातली दोरी नकोच. बॅज खांद्याजवळच्या किंवा कमरेच्या पट्ट्याला चिमट्याने लावावा, मनगटाला बांधावा, किंवा फरच्या आत शिवलेल्या छोट्या पट्टीला अडकवावा. काही जण लोहचुंबक वापरतात, ते सोयीचे आहे, पण हृदयात पेसमेकर असलेल्या माणसाने ते अंगाजवळ आणू नये आणि मिठी मारणाऱ्यालाही ते माहीत असावे. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण तो बॅजवरचा नसून दोरीवरचा आहे. दोरीचा दोष बॅजच्या माथी मारून सक्तीच काढून टाकणे, हे चुलीचा धूर होतो म्हणून जेवणच सोडण्यासारखे आहे.

त्या मुलाला मी दोष देत नाही. मोठी माणसे तेच करतात. बॅज दोरीवर गिरकी घेऊन उलटा होतो, आणि नाव वाचायला लोक सरळ हात घालून तो सुलटा करतात. तो कुठे लटकतो आहे याचा विचार करा: स्त्रीच्या बाबतीत तो छातीवर असतो, आणि 'नाव वाचत होतो' हे वाक्य फार सोयीचे निमित्त होते. दुसऱ्याच्या बॅजला हात लावू नये, 'जरा दाखवता का' असे विचारावे, एवढी साधी रीत आहे. आयोजकांनी नाव आणि क्रमांक दोन्ही बाजूंना छापले तर ती मोडायचे कारणही उरणार नाही. प्लास्टिकच्या त्याच पाकिटात हॉटेलच्या खोलीची किल्ली-पट्टी आणि खरे ओळखपत्र सारून ठेवणारेही पुष्कळ भेटतात. सुटणारा सांधा सुटला आणि पाकीट हरवले तर सापडणाऱ्याच्या हातात टोपणनाव, खरे नाव आणि खोलीची किल्ली असे सगळे एकदम पडते.

संमतीचा प्रश्न याहून नाजूक आहे. ऑटिस्टिक लोकांनी स्वतःच्या मेळाव्यांसाठी रंगांच्या बॅजची एक सुंदर पद्धत रुजवली: हिरवा म्हणजे कोणीही येऊन बोलावे, पिवळा म्हणजे ओळखीच्यांनीच, लाल म्हणजे मी आपणहून बोलेन, तोवर नको. फरी संमेलनांतही ती काही ठिकाणी आली आहे आणि तिच्याविरुद्ध दोन गोष्टी बोलल्या जातात. पहिली, की त्यामुळे माणसाच्या अडचणीवर शिक्का बसतो. बॅज ऐच्छिक असेल आणि सगळ्यांसाठी ठेवलेला असेल तर हा आक्षेप टिकत नाही, कारण लाल बॅज दमलेला माणूसही लावतो. दुसरी गोष्ट जास्त खोल आहे: हिरवा दिसला की लोक त्याला मिठीची परवानगी समजतात. इथे मात्र आक्षेप घेणारे बरोबर आहेत. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये 'वेषभूषा म्हणजे संमती नव्हे' असे ठळक फलक लावले, कारण पोशाखातल्या माणसाला सार्वजनिक वस्तू समजण्याची खोड सगळीकडचीच आहे. बोलायला या म्हणणे आणि हात लावा म्हणणे यांत जे अंतर आहे ते कोणताही रंग भरून काढू शकत नाही. बॅज तुम्हाला दारापर्यंत आणतो, दार वाजवायचे काम तुमचेच राहते.

२०१६ च्या मार्चमध्ये कॅनडातील व्हँकुव्हरजवळ रिचमंड येथे एक मन हलवून टाकणारी गोष्ट घडली. ज्या हॉटेलात व्हँकूफर हे फरी संमेलन भरले होते, तिथेच सिरियाहून आलेल्या निर्वासित कुटुंबांना तात्पुरते उतरवले होते. आयोजकांनी आपल्या लोकांना आधीच सांगितले की ही माणसे मोठ्या दुःखातून आली आहेत, मुलांना तुमच्याशी खेळायचेच आहे असे गृहीत धरू नका. मग मुले आपणहून धावत आली आणि त्या मोठ्या मऊ प्राण्यांना बिलगली. त्या मुलांना बहुधा एकही बॅज वाचता आला नसेल. जे काही चालले ते थांबून, वाट पाहून, हात पसरून आणि मुलाने पुढे यायची संधी देऊन चालले. जे बॅजच्या रंगांवर आणि ओळींवर सगळा शिष्टाचार सोपवू पाहतात त्यांनी त्या दालनाची कल्पना करावी.

आता राहिला बाहेरचा प्रश्न, आणि इथे मला माझ्या जवळच्याच लोकांशी वाद घालावा लागतो. ते म्हणतात की बॅज काढून बाहेर पडणे म्हणजे लपणे, आणि आम्ही लपून पुष्कळ वर्षे काढली. पिट्सबर्गकडे बोट दाखवून ते सांगतात की तिथली उपाहारगृहे दारावर स्वागताचे फलक लावतात, फरसूटमधल्यांना पाणी प्यायला नळ्या पुढे करतात, शहरातले लोक आपल्या मुलांना घेऊन मिरवणूक पाहायला येतात. हे सगळे खरे आहे आणि ते पाहून माझेही मन भरून आले आहे. पण एक शहर म्हणजे सगळा देश नाही, आणि दुपारची मिरवणूक म्हणजे रात्री दहाचा रस्ता नाही.

दुसऱ्या एका शहरात, भाची तेव्हा एकोणीस वर्षांची होती, ती साध्या कपड्यांत रात्री कोपऱ्यावरच्या दुकानात सूप आणायला गेली. बॅज गळ्यात तसाच राहिला होता. परतताना एका माणसाने तिला बॅजवरच्या नावाने हाक मारली. 'गेल्या वर्षी भेटलो होतो, विसरलीस?' ती थांबली. आपल्याला नावाने हाक मारणाऱ्याला आपण परका समजत नाही, ही लहानपणापासूनची सवय आहे, आणि पाठ फिरवणे तिला उद्धटपणाचे वाटले. तो दोन चौक तिच्या बरोबरीने चालत आला, कोणत्या हॉटेलात, कोणत्या मजल्यावर असे विचारत राहिला. हॉटेलच्या दाराशी स्वयंसेवक दिसताच तो मागे वळला. त्याच्याकडे बॅज नव्हता, तो संमेलनातला नव्हता, तिला आधी कधी भेटलेला नव्हता. त्याने फक्त तिच्या छातीवरचा शब्द वाचला होता. आवारात तोच शब्द वाचणारा प्रत्येक जण स्वतःही बॅज लावून असतो, त्याचाही क्रमांक असतो, त्याचेही नाव वहीत असते. दाराबाहेर ही देवाणघेवाण एकतर्फी होते: तुम्ही वाचले जाता आणि वाचणारा कोरा राहतो. ज्याला अभिमान मिरवायचा आहे त्याने खुशाल कानांची पट्टी घालावी, शेपूट लावावी, प्राण्याचे चित्र असलेला सदरा घालावा. त्यातून तुम्ही फरी आहात हे कळते. तुम्हाला काय म्हणून हाक मारायची हे कळत नाही.

याच कारणाने बॅजची छायाचित्रे संमेलन सुरू होण्याआधी सगळ्यांना दाखवण्याची घाईही बरी नाही. त्यावरचा क्रमांक किंवा बारकोड पाहून नक्कल करता येते, आणि डोके काढलेल्या मित्राच्या छायाचित्रात त्याचा चेहरा आणि त्याचे निवडलेले नाव प्रथमच एका चौकटीत येते. मित्राने ज्या दोन ओळखी वर्षानुवर्षे वेगळ्या ठेवल्या त्या आपण एका क्षणात जोडून टाकतो.

आयोजकांकडे माझी मागणी लहान आहे. आवारात शिरताना दाराच्या बाहेरच्या बाजूला 'बॅज दिसू द्या' असा फलक बहुतेक ठिकाणी असतो. त्याच दाराच्या आतल्या बाजूला, बाहेर पडणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत 'बॅज आत ठेवा' असे लिहावे, आणि शेजारी सुटणाऱ्या सांध्याच्या दोऱ्यांची एक टोपली ठेवावी, ज्यांच्याकडे तशी नाही त्यांच्यासाठी. भाचीने आता स्वतःची सवय लावून घेतली आहे. काचेच्या आतल्या दाराशी ती थांबते, मानेमागे हात नेते, सांधा टक करून सुटतो, आणि बॅज माझ्या पिशवीच्या साखळीच्या कप्प्यात जातो. मग आम्ही बाहेर पडतो.